आठ वर्षांचा जबाब

पोलिस डोंगरावरच्या आमच्या हेदटेप वाडीत आले तेव्हा इर्मा न्हाणीत लपली. एकसष्ट वर्षांची बाई, बेल्जियमची, अंगाने थोराड, आणि आमच्या सावळीमावशीची न्हाणी म्हणजे कमरेएवढ्या कुडाचा आडोसा. लपली म्हणजे खाली बसली, एवढंच. डोकं दिसतच होतं.

"या मॅडम बाहेर," हवालदार म्हणाला. "दिसताय तुम्ही."

ती उठली.  हवालदार डोंगर चढून आधीच तापलेला. सोबत खालच्या गावचा पोलीसपाटील देवजी, तो आमच्याकडे बघत नव्हता. डिसेंबर २००८. मुंबईतल्या हल्ल्याला तीन आठवडे झाले होते आणि शहापूर, मुरबाड सगळीकडे परदेशी माणसं शोधायचा हुकूम सुटला होता. देवजीने नाव दिलं असणार. न देऊन करतो काय, त्याचीही नोकरी आहे.

हवालदाराने पासपोर्ट चाळला. पानापानावर शिक्के. "टुरिस्ट," तो म्हणाला. "काय बघताय इथं? कुड?" मग मावशीकडे वळला. "म्हातारे, परदेशी माणूस घरात ठेवला तर चोवीस तासांत ठाण्यात फॉर्म द्यावा लागतो. दिलास?"

"कसला फारम?" मावशी म्हणाली.

"शुक्रवारी ठाण्यात यायचं. तू, ही, आणि वाडीतले दोन-चार जाणते. ही कधी आली, कशाला आली, कुणाकडे राहते, सगळं लिहून आणायचं." आणि ते उतरून गेले.

लोकांना वाटतं गोरी बाई आदिवासींत राहते म्हणजे शाळा काढली असेल, नाहीतर धर्म वाटत असेल. इर्माने काही काढलं नाही आणि काही वाटलं नाही. ती राहत होती. २००० साली माहुलीचा किल्ला बघायला आली, उतरताना वाट चुकली, पाय मुरगाळला आणि सावळीमावशीच्या पडवीत तीन आठवडे पडून राहिली. मावशी विधवा, मूलबाळ नाही. पाय बरा झाला तरी इर्मा गेली नाही. पुढच्या वर्षी मावशीच्या घराला लागून तिने एक खण काढला, कारवीचा कुड स्वतः बांधला, स्वतः सारवला. विड्या ओढायची. मावशीशी कोंबड्यांवरून भांडायची. दोघी एका ताटात जेवायच्या. तिकडे तीस वर्षं तिने म्हाताऱ्यांच्या आश्रमात म्हाताऱ्यांचं हागमूत काढलं होतं. तसल्या खाटेवर मरायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

पण व्हिसा टुरिस्टचा. सहा महिन्यांचा. संपत आला की ती पिशवी भरायची, कल्याणहून गोरखपूरची गाडी पकडायची, पुढं बसने काठमांडू. तिथं भारताच्या वकिलातीत अर्ज टाकायचा, थांबायचं, नवा शिक्का घेऊन परत. सोळा वेळा गेली. जायच्या आधी आठवडाभर ती मावशीला विचारत राहायची. "औंदा दिला नाय तर?" हे एकच. मावशी म्हणायची, "रेशनकारडाला शिक्का मारतात तसाच ना गो? मग देतील."

पोलिस गेल्यावर तिने मला धरलं. मी सावळीच्या थोरल्या बहिणीचा पोरगा, भगीरथ. वाडीत लिहिता येणारा मीच. कसाऱ्याला हायवेच्या कामावर असताना पेपर वाचून, त्यातलं उतरवून हात बसला होता.

"भगीरथ, असं लिव. मी पाहुणी. महिना झाला. फिरायला आली, आता जानार. दुसरं काय लिवायचं नाय. समजलं?"

"समजलं."

"आठ वर्षं बोललास तर मला कायमचं बंद. मी इथं परत नाय."

मी मान डोलवली. आणि मनात म्हणालो, बाईला आपलं सरकार ठाऊक नाही.

का म्हणालो, ते सांगतो. ९३ साली जंगल खात्याचे गार्ड आले होते. माझ्या बापाला विचारलं, ही जमीन कधीपासून नांगरतोस? बाप घाबरला. कमी सांगितलं तर गुन्हा कमी, असं त्याला वाटलं. म्हणाला, "औंदाच, सायेब." वीस वर्षं कसत होता आणि म्हणाला औंदाच. त्यांनी नागलीचं उभं पीक उपटलं आणि झोपडी पेटवली. मी समोर उभा होतो, सोबत आई. बाजूच्या बुधूने वीस वर्षं सांगितली, त्याच्या झोपडीला हात लावला नाही. तेव्हापासून आमच्या वाडीत एकच अक्कल. विचारलं की जास्त सांगायचं. झाडं मोजून दाखवायची. म्हाताऱ्यांना पुढं करायचं. इर्माकडे पोलिस आले त्या वर्षी जंगलातली कसलेली जमीन नावावर करायचे, वनहक्काचे दावे भरायचे चालले होते आणि कायद्यातच आलं होतं की २००५च्या आधीपासूनचा कब्जा दाखवा, वयस्कर माणसांचा जबाब पुरावा म्हणून चालेल. बावीस घरांचे दावे मीच लिहिले होते. जबाब वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या धाकलूबाबाचा आणि त्याच्या वयाच्या दहा जणांचा. शंभर वर्षं ज्यांना कुणी काही विचारलं नाही, त्यांच्या अंगठ्याला पहिल्यांदा किंमत आली होती.

दुपारी धाकलूबाबाच्या ओट्यावर सगळे जमले. इर्मा खणात आतून कडी लावून बसली होती.

"महिना सांगा म्हनते," मी बोललो.

धाकलूबाबा थुंकला. "महिन्याभराच्या मानसाला सरकार कुत्र्यावानी हाकलतो. तुज्या बापाचं इसरलास?"

"तिचा कागद येगळा हाय बाबा. टुरिस्टचा."

"सरकार येक का दोन?"

"येक."

"मंग?"

लखमाकाकी बसल्या जागेवरून ओरडली, "तिला काय इचारता रे? आठ वर्षं जाली, आजून कोंबडी झाकता येत नाय. तिच्यावर सोडाल तर ती मावशीलाच आत घालील."

सगळे हसले. मावशी हसली नाही. "ती भ्याली हाय," एवढंच म्हणाली. "भगीरथ, पक्कं लिव. तिला कुनी हलवता कामा नये."

मी पक्कं लिहिलं. दाव्यांचा नमुना समोर ठेवून लिहिलं. सदर बाई सन २०००पासून आजपावेतो सलग हेदटेप येथे राहत असून तिने स्वकष्टाने एक खण बांधला आहे. आंब्याचं एक व शेवग्याची दोन झाडं लावली आहेत. चतुःसीमा येणेप्रमाणे. ती फक्त शिक्क्यासाठी वर्षातून दोन वेळा नेपाळला जाते व लगेच परत येते. तिला अन्यत्र घर नाही. खाली अकरा अंगठे. इर्माला आमची भाषा बोलता यायची, वाचता येत नव्हती. तिने विचारलं, लिवलंस? मी म्हणालो, लिवलं. खोटं नव्हतं ते.

शुक्रवारी ठाण्यात गेलो. मी, मावशी, धाकलूबाबा आणि ती. ती वाटेत दोनदा खाली बसली. मावशीने तिची पाठ चोळली आणि म्हणाली, "मी हाय ना गो."

साहेब तरुण होता, उद्धट नव्हता. त्याने कागद उभ्याने वाचायला घेतला, मग खुर्चीत बसून पहिल्यापासून वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"अक्षर चांगलं आहे. असं लिहायला कुठं शिकलास?"

मूर्ख माणसाला कौतुक पुरतं. मी छाती काढून सांगितलं, "वनहक्काचे दावे लिवले साहेब. बावीस. साक्षीदार हेच, धाकलूबाबा आन् बाकीचे."

साहेबाने कागद टेबलावर ठेवला. "टुरिस्ट म्हणजे काय रे? फिरायला येतो आणि परत जातो तो. ही राहते. आठ वर्षं राहते, घर बांधून राहते, नेपाळला फक्त शिक्का घ्यायला जाते, हे तुम्ही अकरा जण अंगठे लावून मला सांगताय. मला तपासायला काही ठेवलंच नाही तुम्ही."

इर्मा माझ्याकडे वळली. "काय लिवलंस?"

मी टेबलावरच्या कागदाकडे बघितलं.

"भगीरथ, काय लिवलंस?"

"आठ," मी म्हणालो.

ती ओरडली नाही, मारायला धावली नाही. डोळे मिटून भिंतीला टेकली आणि तिच्या तोंडाचा रंग असा गेला की मावशीने तिला दोन्ही हातांनी धरलं. मला काय केलं ते तेव्हा कळलं. मी आमची भीती तिच्या कागदावर लिहिली होती. तिची भीती वेगळी होती, ती तिने मला तोंडाने सांगितली होती, आणि मी ऐकली नव्हती.

साहेबाने टेबलावर पेन आपटला. "एक करता येईल. हा जबाब खोटा आहे, चुकून दिला, असं लिहून द्या. मॅडम महिन्याच्या पाहुण्या. फॉर्म दिला नाही एवढ्यावर भागवू. मला काही डोंगर चढायची हौस नाही."

मी पेन उचलला. लिहायलाही लागलो असतो. तेवढ्यात कोपऱ्यातला हवालदार, तोच, वर आलेला, म्हणाला, "साहेब, मग ह्या अंगठ्यांनी खोटा जबाब दिला अशी नोंद होईल. आणि हेच अंगठे दाव्यांत. हा आत्ताच बोलला. उद्या दावे मंजूर करणाऱ्या प्रांताकडे कुणी ही नोंद दाखवली तर?"

"तर बावीसही दावे गेले," साहेब म्हणाला. तो आम्हाला धमकी देत नव्हता. हिशोबच तसा होता आणि हिशोबाची अर्धी माहिती मीच पुरवली होती.

"लिव," मावशी म्हणाली. "खोटं हाय म्हून लिव. माझा दावा जाऊ दे."

"तुज्या एकटीचा नाय मावशी."

"लिव म्हनतंय ना मी!"

मी धाकलूबाबाकडे बघितलं. बाबा लिव म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. त्याच्या अंगठ्याची शाई अजून गेली नव्हती, तो अंगठा त्याने मुठीत धरला होता. ऐंशी वर्षांचा माणूस. मला बापाची झोपडी जळताना ऐकू आली. मग उद्याची बुधूची, लखमाची, सगळ्यांची. माझा पेन कागदावर टेकला आणि चालला नाही. मी कबूल करतो. कुणी अडवला नव्हता. मीच चालवला नाही.

इर्मा माझ्या हाताकडे बघत होती.  मग ती साहेबाला म्हणाली, आमच्याच भाषेत, "कागद खरा हाय. मी ऱ्हाते इथं." आणि माझ्या हातातला पेन काढून घेऊन अंगठ्यांच्या खाली सही केली.

बाहेर आल्यावर मावशीने तिला रस्त्यात गदागदा हलवलं. "कशाला बोललीस गो? तुला कोन इचारलं? जमीन माजी, भ्या माजं, तू कोन सही करनार?" माणसं थांबून बघत होती. म्हातारी ठाकरीण गोऱ्या बाईला शिव्या देतेय आणि गोरी बाई मान खाली घालून उभी आहे. शिव्या संपल्या तेव्हा दोघी गटाराच्या कडेला बसल्या.

दहा दिवसांत जिल्ह्यावरून हुकूम आला. सात दिवसांत देश सोडा. पुन्हा प्रवेश नाही. मावशीवर परदेशी माणूस न कळवता ठेवल्याचा गुन्हा, जामीन मी राहिलो.

त्या सात दिवसांचं मला लिहायचं नव्हतं, पण लिहितो, कारण आमची वाडी काही देवमाणसांची नाही. जिने सही करून बावीस घरं वाचवली तिच्या वाटेने बायका पाण्याला जायच्या बंद झाल्या. पोलिसांचं लचांड आपल्या दाव्याला चिकटेल म्हणून. लखमाकाकी समोरून आली की पदर पुढं ओढायची. धाकलूबाबा आजारी पडला, नाहीतर तसं सांगितलं. इर्मा खणात बसून राहायची आणि कुणाचंही पाऊल वाजलं की उठून उभी राहायची. पोलिस आता कशाला येणार होते? तिला घालवायचं काम आम्ही केलं होतं. तरी उभी राहायची. मावशी तिच्याशी बोलत नव्हती. रांधायची, ताट एकच वाढायची, दोघी जेवायच्या.

सातव्या दिवशी सकाळी मी तिची पिशवी घेतली. मावशी दारात आली नाही. आत चुलीपुढं पाठ करून बसली होती. इर्मा दारात थांबली, मग उतरायला लागली. नाला ओलांडेपर्यंत एकदाही घसरली नाही. आठ वर्षांत ती वाट तिच्या पायाला पाठ झाली होती.

आटगावच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. ट्रक धूळ उडवत जात होते. तिने विडी काढली, पेटली नाही, परत पेटवली, पेटली नाही.  मी पेटवून दिली.

"विमान रातीचं हाय ना?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"हां." मग ती म्हणाली, "तिकडं ठाऊक नाय."

"काय?"

"मी तिकडं ऱ्हात नाय, ते. माझं नाव भावाच्या पत्त्यावर हाय. पेन्शन त्या पत्त्यावर. भाऊ दोन वर्सांमागं मेला. ते घर आता दुसऱ्याचं." तिने धूर सोडला. आवाज अगदी बारीक झाला होता, ठाण्यातही इतका झाला नव्हता. "पयल्या दिवशी कचेरीत बोलवतील. इचारतील, कुटं व्हतीस? काय करत व्हतीस? इथली नायस तर पेन्शन कशी खाल्लीस? तिकडं पन टुरिस्टच मी आता."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तू लिवनारा ना? मंग सांग. काय सांगू तिकडं, भगीरथ? आठ का महिना?"

ती टोमणा मारत नव्हती. तोंड बघून कळलं. ती खरंच विचारत होती, घाबरलेल्या माणसाने जाणत्याला विचारावं तसं. बापाने विचारलं असतं तर असंच विचारलं असतं. मी शोधत होतो. आठ सांगितले तर काय होईल, महिना सांगितला तर काय होईल. तिकडचं सरकार कसं असतं, मला काय ठाऊक? इकडचं मला ठाऊक आहे असं मी समजत होतो.

शहापूरकडे जाणारी एसटी आली. मी हात केला, गाडी थांबली. कंडक्टर ओरडला, "चला बाई, लवकर." तिने पिशवी माझ्या हातातून घेतली आणि पायरीवर एक पाय ठेवून वळली. माझ्या उत्तराची अजून वाट बघत होती.

"चला, चला," कंडक्टरने घंटी ओढली.