खंडेनवमीला माझी पूजा झाली

मी एक जुनी पाण्याची चावी आहे. कुलपाची नव्हे बरं का! माणसाच्या कमरेइतकी लोखंडी सळई, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातल्या खड्ड्यात, पाण्याच्या झडपेवर मला उतरवून मूठ फिरवली, की गावच्या नळांना पाणी येतं. मित्रांनो, आता मी गंजले आहे, तोंडानं फटकळही झाले आहे. पण एका दिवसाचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

राहुरीच्या बाजारातल्या कानिफनाथ लोहारानं मला घडवलं. ऐरणीवर असे घाव घातले, की नको हा जन्म असं झालं! मग आमच्या गावच्या ग्रामपंचायतीनं मला घेतलं आणि बन्सीच्या हातात दिलं. बन्सी म्हणजे पंचायतीचा पाणी सोडणारा शिपाई. तो मला खांद्यावर टाकून निघाला, की बाया घागरी घेऊन नळाकडं धावायच्या. "बन्सीभाऊ, आमच्या आळीला जरा जास्त सोडा की!" छबूबाईचं हे रोजचंच. बन्सी नुसता हसायचा आणि सगळ्यांना सारखंच सोडायचा.

खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपापलं हत्यार पुजायचं, ही गावाची रीत. शेतकरी नांगर पुजायचा, सुतार करवत पुजायचा, बन्सी मला पुजायचा. राखेनं घासायचा, तेल लावायचा, कुंकू आणि झेंडूची माळ घालायचा. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. म्हणून अष्टमीलाच तो दुप्पट पाणी सोडून ठेवायचा. घरोघरी रांजण भरलेले असायचे, त्यामुळे नवमीला नळ कोरडे असले तरी कुणाची तक्रार नसायची. अहो, वर्षातून एवढा एकच दिवस माझ्या वाट्याला यायचा!

एकाहत्तर साली हुकूम आला. पंचायत मोडली आणि आमचं गाव शेजारच्या नगरपालिकेला जोडलं. बन्सीची बायको रतनबाई काळजीत पडली. "नवं लोक तुमाला ठिवतील का वो?"

"ठिवतील की! आप्पासाहेब म्हनलं, ताबा घेत्याल त्या दिशी जो कामावर हाय, त्यो पालिकेचा नोकर."

आप्पासाहेब म्हणजे आमचे सरपंच. ताबा दसऱ्यानंतर घेणार असं ठरलं होतं, म्हणून बन्सी निर्धास्त होता.

नवमीच्या सकाळी मी पंचायतीच्या ओट्यावर पाटावर बसले होते, नवरीसारखी नटून. तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली. पालिकेचे साहेब उतरले. "ताबा आजच घेतोय," म्हणाले आणि समोरचा नळ फिरवला. ठणठणीत कोरडा!

"पाणी कोण सोडतं इथं?"

"मी, सायेब. बन्सी." कपाळाला कुंकू, अंगावर धुतलेलं धोतर, हात जोडलेले.

"मग सोडलं का नाहीस?"

"आज खंडेनवमी हाय, सायेब. आज चावीला हात लावत न्हाई आमी."

"म्हणजे आज तू कामावर नाहीस." साहेब कारकुनाकडं वळले. "याचं नाव नोकरांच्या यादीत घेऊ नका."

मी हादरले. लोखंडाची असून थरथरले! अरे देवा, माझ्याच पूजेनं माझ्या माणसाची भाकरी गेली?

आप्पासाहेब लगबगीनं पुढं झाले. "साहेब, ही गावची रीत आहे. मी सरपंच सांगतो तुम्हाला."

"पंचायत मोडली की हो. आता कसले सरपंच?"

तेवढ्यात बन्सीनं माझी माळ खसकन तोडली, मला उचललं आणि खड्ड्याकडं पळाला. "सोडतो सायेब, आत्ता सोडतो!" पाणी आलं, धो धो आलं. पण भरणार कशात? साऱ्या गावाच्या घागरी काठोकाठ भरलेल्या. पाणी गटारीला वाहत राहिलं, बाया बघत राहिल्या आणि जीप निघून गेली.

बन्सीच्या जागी पाणी सोडायला शहरातून मच्छिंद्र नावाचा नवा माणूस आला. काही वाईट नव्हता तो. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. बन्सी आणि रतनबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. पण नवमीला बन्सी आलाच, मूठभर झेंडू आणि कुंकवाची पुडी घेऊन. मच्छिंद्र मला खड्ड्यात उतरवत होता. त्याला बघून म्हणाला, "काका, सन हाय. ठिवू का बंद आज?"

बन्सीनं त्याचा हात धरून माझ्या मुठीवर दाबला. "येडा का खुळा तू? फिरव आदी! जीप कवाबी येती, बाबा. काम तू कर, पूजा मी करतो."

मच्छिंद्र मूठ फिरवत राहिला आणि बन्सीनं फिरत्या मुठीलाच कुंकू लावलं. ते सगळं मच्छिंद्रच्या तळहाताला लागलं.

मित्रांनो, मला तेल लावू नका, हार तर मुळीच नको. ज्याच्या हातानं तुमच्या नळाला पाणी येतं, त्याचं नाव तेवढं विचारून ठेवा. आणि जीप आली तर पुढं होऊन सांगा, हा आमचा माणूस आहे, कामावर आहे. त्या सकाळी आप्पासाहेबांमागं सारं गाव भरल्या घागरींजवळ उभं होतं. छबूबाईही होती. कुणीसुद्धा एवढं बोललं नाही.