घट बसवला आहे, हलवू नये

निम्म्या काडेपेटीएवढा, पोलादी अंगाचा, कोपऱ्यांवर ओरखडे पडलेला मी एक जुना सेल आहे, मित्रांनो. पण मला टॉर्चमध्ये घालून बघू नका. माझ्यानं तुमचा टॉर्च पेटायचा नाही. मी देतो तो विजेचा थेंब इतका बारीक, की माझ्यापुढे काजवासुद्धा श्रीमंत वाटावा. तरीही देवाच्या दयेनं त्या थेंबावर माणसाचं काळीज चालतं.

काही माणसांचं हृदय चालता चालता ठोका विसरतं. डॉक्टर त्यांच्या गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, एक छोटं यंत्र बसवतात. ते यंत्र हृदयाला हळूच ढोसतं, "अरे, चाल बाबा." त्या यंत्राला वीज पुरवणारा तो सेल. पूर्वी त्यात पाऱ्याचे सेल असत. ते गुणी खरे, पण काम करता करता त्यांच्या पोटात वायू धरायचा. वायू बाहेर सोडायला वाट ठेवावी, तर त्याच वाटेनं अंगातला ओलावा आत शिरायचा आणि सेल अवेळी बसायचा. मग पुन्हा दवाखाना, पुन्हा सुरी.

माझा जन्म सांगलीचा. माधवनगरच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये आप्पासाहेबांचा छोटा कारखाना होता. आप्पासाहेब रसायनशास्त्र शिकलेले, बोलायला मऊ, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की पुढ्यातलं ताट निवून जायचं. त्यांच्या डोक्यात एकच होतं : जो श्वासच सोडत नाही, असा सेल करायचा. मग त्याला वाट कशाला हवी? चारी बाजूंनी बंद करून टाकावा, कायमचा.

असा सेल परदेशात नुकता निघाला होता. आप्पासाहेबांनी तो आपल्या हातानं घडवायला घेतला. माझ्या पोटात एका बाजूला लिथियम नावाचा धातू आहे. लोण्यासारखा मऊ, सुरीनं कापता येणारा, पण दमट हवा लागली की काळा पडणारा. दुसऱ्या बाजूला आयोडीनचं मिश्रण, काकवीसारखं काळं आणि चिकट. दोघं एकमेकांना भिडले की मधे आपोआप एक पातळ थर धरतो, दुधावर साय धरावी तसा. ही साय मधे कुठं फाटली तर पुन्हा धरते. वायू नाही, फुगणं नाही, गळणं नाही.

कृष्णाकाठची हवा ओली, म्हणून मला आणि माझ्या तीन भावांना चैत्रातल्या कोरड्या दुपारी, काचेच्या बंद पेटीत, लांब रबरी हातमोज्यांतून हात घालून भरलं. झाकणाची शिवण आकाराम मिस्त्रींनी वेल्डिंगनं घातली. भिंग डोळ्याला लावून ते म्हणाले, "सायब, ही तर मुंगीच्या धोतराला शिवण घालायची झाली की!"

"घाला मिस्त्री," आप्पासाहेब म्हणाले, "पण मुंगीला थंडी वाजता कामा नये."

मग आम्हाला गरम तेलात बुडवून बघितलं. एकही बुडबुडा आला नाही. मिस्त्रींनी मिशीवरून हात फिरवला. आम्ही चौघे भाऊ पास झालो होतो.

माझ्या डोक्यावर काचेचा एक मणी आहे आणि त्यातून एक तार बाहेर येते. ती तार माझं एक टोक, माझं पोलादी अंग हे दुसरं. दोन्हींच्या मधे तो इवला मणीच काय तो बांध. हे ध्यानात ठेवा, मित्रांनो, पुढचं सगळं त्या मण्यावर घडलं.

सन शहात्तरमध्ये आमच्यातला थोरला मिरजेच्या एका दवाखान्यात साळूबाईंच्या छातीत गेला. साळूबाई फलटणकडच्या, उसाची शेती असलेल्या घरच्या. पाणी भरता भरता विहिरीच्या काठावर दोनदा चक्कर येऊन पडलेल्या. थोरला आत जाण्याआधी त्याच्या डोक्यावर, मण्यासकट, राळेचा जाड लेप दिला होता. यंत्र बसलं, साळूबाई चालू-बोलू लागल्या. पण जखम चिघळली, ताप चढला आणि दीड-दोन महिने त्यांनी फार सोसलं. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, "ही जागा पुन्हा उघडायची वेळ लवकर न येवो."

मग मला काय काम? मी साक्षीदार. थोरला छातीत, त्याला कोण बघणार? म्हणून मला तेवढ्याच कामाला जोडून, माणसाच्या अंगाइतक्या उबेच्या एका लाकडी पेटीत ठेवलं. दोन तारा पेटीबाहेर काढून मीटरला लावल्या. मी थकलो तर थोरलाही थकला असं समजायचं आणि साळूबाईंना वेळेवर बोलावून घ्यायचं. जुळ्या भावांपैकी एकाला ताप आला की आई दुसऱ्याच्याही कपाळाला हात लावते ना, तसं.

पुढचं वर्षभर मीटरचा काटा जागचा हलला नाही. पाहुणे यायचे, आप्पासाहेब कौतुकानं मला दाखवायचे. खरं सांगायचं, तर मला थोडा गर्वही झाला होता.

पुढल्या भाद्रपदात शेडला चुना द्यायला माणसं आली आणि त्यांनी माझी पेटी सरकवून तारा ताणल्या. आप्पासाहेब घाबरले. त्यांना शुद्ध मराठीची हौस. सेलला ते पुस्तकातल्यासारखं 'विद्युतघट' म्हणायचे. पुठ्ठा लहान, अक्षर मोठं. 'विद्युत' काही मावेना. शेवटी त्यांनी ठळक लिहून पेटीवर लावलं : 'घट बसवला आहे. हलवू नये.'

आणि चारच दिवसांनी नवरात्र बसलं.

शेड झाडायला लीलाबाई यायच्या. बाई कष्टाळू, देवभोळी, नऊ दिवस पाण्यावर आणि एका केळ्यावर राहणारी. दुसरीपर्यंत शाळा झालेली, त्यामुळे एकेक अक्षर जुळवून वाचायच्या. पहिल्या माळेला सकाळी त्यांनी पाटी वाचली आणि केरसुणी खाली ठेवून हातच जोडले. कारखान्यात घट बसवलाय! साहेब बोलत नाहीत, पण मनानं किती सोवळे!

त्या दिवसापासून कुणी यायच्या आधी लीलाबाई पेटीचं झाकण उघडायच्या, आदल्या दिवशीचं फूल काढून घ्यायच्या, माझ्या डोक्यावर पाण्याचं बोट, चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू आणि एक झेंडूचं फूल ठेवायच्या. झाकण लावून, न हलवता, पाया पडायच्या. मला काय वाटलं म्हणून विचाराल? मला फार बरं वाटायचं. आईच्या हातानं तीट लागावी तसं. पण ओली हळद आणि कुंकू मण्यावर साचू लागली. बांध फुटला. माझी वीज तारेनं जायची ती मण्यावरूनच अंगावर ओघळू लागली. काम एकाचं, ओझं दोघांचं. मी वाकलो.

पाचव्या माळेला काटा उतरला. सातव्या माळेला आणखी. आप्पासाहेबांनी मीटर बदलला, बाहेरच्या तारा तपासल्या, सगळं ठीक. पेटी मात्र उघडली नाही. ऊब जाईल, आकडा बिघडेल, ही भीती. स्वतःची पाटी स्वतः पाळली त्यांनी! मग जड मनानं मिरजेला फोन केला. डॉक्टरांनी साळूबाईंना बोलावून घेतलं. नाडी बघितली, ती अगदी ठीक लागली. पण डॉक्टर म्हणाले, "सेल खचतो तेव्हा नाडी मंदावते. तुमचा साक्षीदार ओरडत असताना नाडी मंदावायची वाट बघत बसू? झोपेतच बंद पडलं तर?" दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी छाती उघडायची ठरली.

दसऱ्याला कारखाना बंद होता. यंत्रांना खंडेनवमीचे हार तसेच होते. आप्पासाहेब एकटे मीटरपुढे बसलेले. इतक्यात दारातून भरदार आवाज आला.

"कुठं हाय त्यो सेल? ज्याच्या सांगन्यावरनं माज्या बायकूला उद्या टेबलावर घेनार, त्याचं तोंड तरी बगू द्या!"

ते साळूबाईंचे मालक, जोतीराम. पलटणीतून पेन्शनीवर आलेले.

"बसा," आप्पासाहेब उठून म्हणाले.

"बसायला न्हाई आलो. मागच्या टायमाला ती कशी तापली ती मी बगितलीया. ती बोलंना, मलाच म्हनती, 'आवं, डाक्टर सांगत्यात तर व्हयल बरं.' पन तिची बोटं लुगड्याचा काठ सोडंनात. तुमी खात्रीनं सांगा, तिच्यातला सेल मेलाय का?"

आप्पासाहेबांची नजर पुन्हा मीटरवर गेली. खात्री त्यांनाही नव्हती.

तेवढ्यात लीलाबाई आल्या. नवं लुगडं, हातात तबक, तबकात आपट्याची पानं. पाहुणा बघून दाराशीच थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, "आवं सायब, आज घट उठवायचा न्हवं? नदीला सोडायचा का हितंच झाडाबुडी ठिवायचा?"

"कुठला घट, लीलाबाई?"

"असं काय करता! ह्यो की, पेटीतला. नऊ दिस केलं की मी त्याचं. पानी, हळदकुकू, फूल. हलवला मातूर न्हाई हं, पाटी हाय न्हवं."

आप्पासाहेबांनी झाकण उघडलं. झेंडूचं फूल बाजूला केलं, भिंग लावलं. काचेच्या मण्यावर लाल-पिवळी ओली साय धरली होती. काटा का उतरत होता, ते त्यांना तिथंच कळलं.

जोतीरामांनीही वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आवं बाई! पल्टनीत आमीबी खंडेनवमीला तोफंला हार घालतो. पन नळीत पानी वतत न्हाई!"

लीलाबाईंनी तबक खाली ठेवलं. "माज्या हातनं काय झालं वो? कुनाच्या जिवावर बेतलं का?"

"तुमच्या हातून काही नाही," आप्पासाहेब म्हणाले. "मी लिहिलं तसं तुम्ही वागलात. अर्धा शब्द मी खाल्ला. आणि थोरल्याला राळेचा लेप दिला, याला दिला नाही, ती चूकही माझीच. साक्षीदाराला उघडं ठेवलं मी."

त्यांनी माझं डोकं स्पिरिटनं पुसलं, सुकवलं. माझ्या पाठीवरून जणू पोतं उतरलं. काटा हळूहळू वर येऊ लागला. जोतीराम हरखले, पण आप्पासाहेबांनी मान हलवली. "आपण मानू, डॉक्टरांनी का मानावं? त्यांना डोळ्यांनी दिसायला हवं."

कपाटात आमचे दोन धाकटे भाऊ होते. एकाच्या डोक्यावर आप्पासाहेबांनी थोरल्यासारखा राळेचा लेप दिला, एकाला तसंच उघडं ठेवलं. दोघांना माझ्याइतकंच काम जोडलं. राळ वाळल्यावर म्हणाले, "लीलाबाई, आता या दोघांची पूजा करा. नऊ दिवस केलीत तश्शी, नऊ वेळा. हात आखडता घेऊ नका."

"आता? घट उठल्यावर?"

"करा वो," जोतीराम म्हणाले. "माज्या घरासाठनं करा."

लीलाबाईंनी डोळे मिटले, पुटपुटल्या आणि दोघांच्या डोक्यावर नऊ-नऊ वेळा पाण्याचं बोट, हळद, कुंकू वाहून फूल ठेवलं. पूजेत कसर नव्हती. मित्रांनो, मी प्रयोग खूप पाहिले. इतक्या भक्तीनं केलेला दुसरा पाहिला नाही.

दुपार कलली. आप्पासाहेबांनी बोलावलं म्हणून मिरजेहून डॉक्टर आले. उघड्या डोक्याच्या भावाचा काटा माझ्यासारखाच खाली वाकला होता. राळेचा लेप असलेला भाऊ हळदकुंकू लेवून, नवरदेवासारखा, ताठ उभा होता.

डॉक्टरांनी दोन्ही काटे पाहिले. माझाही पाहिला. चष्मा काढून पुसला.

"साळूबाईंचा सेल लेपातला?"

"लेपातला."

"मग उद्या सुरी नाही. पण लगेच घरीही धाडत नाही. आठ दिवस रोज नाडी बघतो. ती नीट राहिली तर जाऊ देतो."

लीलाबाईंच्या तबकातली आपट्याची पानं उचलून जोतीरामांनी आधी लीलाबाईंच्याच हातावर ठेवली आणि पाठ फिरवून नाक शिंकरलं.

नाडी नीट राहिली. घरी जाताना साळूबाई कारखान्यात आल्या. सावळ्या, शेलाट्या, लाजऱ्या. लीलाबाई त्यांना बघून मागं सरल्या, तर साळूबाईंनीच त्यांचा हात धरला. "तोंड का लपवता, बाई? नऊ दिस तुमी माज्याच काळजाची पूजा केलीसा की. कुनी करतंय का एवडं परक्याचं?"

तेव्हापासून कारखान्यात छातीत जाणाऱ्या सेलला जो पोशाख, तोच बाहेरच्या साक्षीदाराला. माझ्याही डोक्यावर आता राळ आहे. दोन वर्षं झाली. माझा काटा ताठ आहे, म्हणजे फलटणकडच्या एका उसाच्या रानात माझा थोरला भाऊही मजेत आहे. मी हे उसन्या धीरानं सांगत नाही, मोजून सांगतो आहे.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरात, शाळेत, कारखान्यात जी वस्तू तुम्हाला खरं सांगायला ठेवलेली असते, घड्याळ म्हणा, तराजू म्हणा, तापमापी म्हणा, तिला जपा. जीव जरूर लावा, पण तिला काय सोसतं आणि काय सोसत नाही, ते आधी कुणाला तरी विचारा. तिचा शब्द ऐका आणि तो शब्द खटकला तर घाबरून जाऊ नका. झाकण उघडून बघा. झाकणाच्या आत कधी कुणाची माया साचलेली असते. ती हलक्या हातानं पुसा. पुसताना रागावू मात्र नका.