एकाच चेहऱ्याची बाई

पुंडलिकरावांच्या चित्रासमोर येताच जयाने चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने सावकाश पुसला आणि तो न लावताच पुढच्या चित्राकडे सरकली. शेजारी उभ्या असलेल्या, मंडळातल्याच रुपालीच्या ते लक्षात आलं. तिने हसू दाबलं.

यवतमाळच्या त्या सभागृहात रंगमित्र मंडळाचं उन्हाळी प्रदर्शन लागलं होतं. दोन्ही बाजूंनी कूलर घोंघावत होते आणि वाऱ्याने भिंतीवरच्या फ्रेमा हलत होत्या. पुंडलिकराव मंडळाचे अध्यक्ष. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, केसांना मेंदी लावणारे, येणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून स्वतःच्या चित्रापाशी नेणारे. त्यांनी आयुष्यभर एकच बाई रंगवली, असं जयाचं मत होतं. कधी ती कापूस वेचायची, कधी डोक्यावर घागर घ्यायची. कधी कोलामाची असायची, कधी बंजाऱ्याची. कपडे बदलायचे, बाई तीच. लांबट डोळे, चाफेकळी नाक, किंचित उघडे ओठ. भर मे महिन्यात रानात उभी असली तरी तिला घाम यायचा नाही.

"सर, ही अजून म्हातारी नाही झाली?" बाहेर पडताना जयाने विचारलं.

"माझ्या बायांना वय नसतं, मॅडम," पुंडलिकराव खूश होऊन म्हणाले. त्यांना ती दाद वाटली होती. जयाला त्याचीही गंमत वाटली.

तिचं स्वतःचं काम वेगळं होतं. गच्चीवरच्या खोलीत ऊन चढायच्या आत ती कॅनव्हासवर राखाडी रंगाचे थर द्यायची आणि ते वाळायच्या आत पात्याने खरवडायची. रोज थोडं, पण रोज. नागपूरच्या प्रदर्शनात तिच्या चित्रांबद्दल चांगलं लिहून आलं होतं. त्यांत माणसं का नाहीत असं कोणी विचारलं की ती सांगायची, माणूस काढला की लोक माणूस बघत बसतात, चित्र राहून जातं. हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं की आता तिला ते म्हणताना विचार करावा लागत नसे.

मंडळाची चित्रं काढायची सहल यंदा जयाच्याच बंजारा तांड्यावर जाणार असल्याचं तिला त्याच आठवड्यात कळलं. पुंडलिकरावांनी परस्पर तिच्या वडिलांना, पूनमसिंगांना, फोन केला होता आणि त्यांनी लगेच होकार दिला होता. जया आधी चिडली. मग तिने जायचं ठरवलं. रुपालीला तिने सांगितलं की आपल्या माणसांचा कोणी तमाशा करू नये म्हणून ती येते आहे. खरं तर तो तमाशा तिला डोळ्यांनी पाहायचा होता.

भल्या पहाटे गाडी आर्णी रस्त्याला लागली. मागच्या सीटवर दाताचे डॉक्टर कोणालातरी पाण्याच्या छटा समजावून सांगत होते. बाहेर कापसाच्या पराट्या उपटून नांगरलेली रिकामी वावरं होती आणि डॉक्टरांना ती दिसत नव्हती. महागाव मागे टाकून गाडी तांड्यावर पोचली तेव्हा पूनमसिंगांनी कडुनिंबाखाली गोणपाटाचं छत बांधून ठेवलं होतं. खुर्च्या मांडल्या होत्या. मठ्ठ्याचा हंडा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता.

पाहुण्यांचा मात्र विरस झाला. स्लॅबची घरं, त्यांवर डिशा, साड्या नेसलेल्या बाया, जीन्स घातलेल्या पोरी. हे काढायला एवढ्या दूर कशाला यायचं, असं कोणी बोललं नाही. पण सगळे तोंड पाडून रंगांची खोकी उघडत होते. जुनं काहीच उरलं नाही का, असं रुपालीने अखेर विचारलं. तेव्हा पूनमसिंगांना त्यांची विधवा वहिनी रामीबाई आठवली. आरशांची फेटिया-कांचळी, बंजाऱ्यांचा घागरा-चोळी, नेसणारी तांड्यात तेवढीच एक उरली होती.

काकी येणार नाही याची जयाला खात्री होती. लग्नात कोणी मोबाईल समोर धरला तरी ती तोंड फिरवायची. पण रामीबाई आली. ठेवणीतला घागरा घालून, केसांत चांदीच्या घुगऱ्या अडकवून आली आणि दाखवलेल्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसली.

जया तिच्याजवळ गेली. या लोकांसाठी असं बसायची काही गरज नाही, असं तिने तांड्याच्या गोरबोलीत हळूच सांगितलं. रामीबाईने तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं. माणसांना दिसत नव्हतं.

मग जया हात मागे बांधून सगळ्यांच्या पाठीमागून फिरली. रुपाली चंदेरी पेनाने नुसते आरसे काढत होती. आरसे इतके झाले होते की बाईला जागा उरली नव्हती. डॉक्टरांच्या चित्रातला हात फुगलेल्या हातमोज्यासारखा दिसत होता. ऊन चढलं तसा रंग ब्रशवरच वाळायला लागला आणि सगळे उन्हाला दोष देऊ लागले. पुंडलिकरावांनी तर मान वर न करताच चेहरा पुरा केला होता. त्यांनी रामीबाईकडे पाहिलं ते घागऱ्याचा लाल नेमका कोणता हे बघायला. जया त्यांच्या मागे बराच वेळ थांबली. आजवर तिने त्यांना नावं ठेवली होती ती ऐकीव वाटावीत, इतकं हे उघड्यावर चाललं होतं.

रामीबाईच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिने तो पुसला नाही.

काम आटोपलं, मठ्ठा वाटला गेला. रामीबाई उठली आणि वाळत ठेवलेली चित्रं बघत निघाली. प्रत्येकापाशी तोंडावर पदर धरून थोडी हसायची आणि पुढे जायची. पुंडलिकरावांच्या चित्रापाशी थांबली ती पुढे गेलीच नाही.

"जरा जवान झाल्या तुम्ही, बाई," पुंडलिकराव म्हणाले.

हे मला द्याल का, असं रामीबाईने विचारलं. पुंडलिकरावांचा चेहरा फुलला. त्यांनी खिशातून पेन काढून कोपऱ्यात सही केली. जयाला राहवलं नाही. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती वऱ्हाडीतच बोलली.

"काकी, यात तू कुठं हायेस? हे बाई तं सरायची हाय. जिथं जाते तिथं हेच काढतेत ते."

"मी नाही थे," रामीबाई म्हणाली. "दिसून राह्यलं मले."

ती चित्राच्या आणखी जवळ गेली.

"गंगी हाय."

जयाच्या हातातला पेला तसाच राहिला. गंगी रामीबाईची एकुलती एक मुलगी, जयाहून दोनेक वर्षांनी मोठी. जया कॉलेजात असताना ती तापाने गेली होती. तिचा एकच फोटो होता, शाळेच्या ओळखपत्रावरचा. तो पुढे भिंतीच्या ओलीने गेला. त्यानंतर काकीच्या तोंडून ते नाव जयाने ऐकलं नव्हतं. तिने स्वतःही कधी काढलं नव्हतं.

पूनमसिंग हंड्याजवळून उठून आले आणि वहिनीच्या मागे उभे राहिले. पुंडलिकरावांनी विचारलं, गंगी कोण. रुपालीने त्यांच्या कानाशी लागून सांगितलं. तिला ते तिथेच उभ्या असलेल्या एका बाईने सांगितलं होतं. "मी तर असंच..." ते म्हणाले. मग चित्राकडे बघत राहिले, जणू ते दुसऱ्या कोणी काढलं होतं.

जयाने कागदावर गंगीला शोधलं. ती तिथे नव्हती. तेच डोळे, तेच ओठ, सभागृहात टांगलेली तीच बाई. काहीही जुळत नव्हतं आणि तसं सांगायला तिने तोंड उघडलं. पण काय जुळत नाही ते सांगायचं तर गंगी डोळ्यांपुढे यायला हवी होती. तिला वेणी आठवली. विहिरीच्या पायरीवरचे ओले पाय आठवले, मागून मारलेली हाक आठवली. चेहऱ्याच्या जागी काही येईना. ती डोळे मिटून उभी राहिली, तरी येईना.

"नाक तेवढं चुकलं," रामीबाई म्हणाली. "असं टोकदार नव्हतं तिचं. बसकं होतं. जया, तुले येते नं करता?"

हे सरांचं चित्र आहे, असं जया पुटपुटली. पुंडलिकरावांनी आपली रंगांची थाळी तिच्याकडे सरकवली, ब्रश पाण्यात हलवून, फडक्याला पुसून तिच्या हातात दिला आणि स्वतः उठून तिला बसायला जागा करून दिली.

जया बसली. तिने त्वचेचा रंग कालवला. जास्तच पातळ झाला, पुन्हा कालवला.

"किती बसकं, काकी?"

"माह्यासारखं. थोडं लहान." रामीबाई पुन्हा आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. गुडघ्यांवर हात ठेवले, मान सरळ केली. "पाह्य."

जया पाहू लागली. थाळीतला रंग काठाकडून वाळत आला. ब्रश अजून कागदाला लागला नव्हता.