फ्रॉकच्या आतल्या बाजूला

डाग काढण्यात माझा हात धरणारं या भागात कुणी नाही. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. बावीस वर्षं लॉन्ड्री चालवतेय. गिऱ्हाईक "हा काही जायचा नाही हो" म्हणालं की मला चेवच येतो.

लढाईतून पळून आलेली माणसं आमच्या गावात उतरली, त्यांना शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये ठेवलं. लोक आपापल्या परीने मदत करत होते. कुणी गाद्या दिल्या, कुणी औषधं. मी म्हटलं, धुणं माझ्याकडे. हॉलमागच्या खोलीत माझी दोन मशिनं नेऊन बसवली. नवरा म्हणाला, "घरचे पडदे वर्षभर तसेच लोंबतायत, आणि बाईसाहेब निघाल्या जगाचं धुणं धुवायला!"

"पडद्यांना घर तरी आहे," मी म्हटलं. त्या उत्तरावर मी दिवसभर खूश होते.

तिथे नोंदवाल्या बाई होत्या. हरवलेल्या माणसांची नोंद करायची, ताटातूट झालेल्यांना जुळवून द्यायचं, हे त्यांचं काम. त्या लोकांची भाषा आमच्यात त्यांना एकट्यांनाच यायची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "पाण्यात टाकण्याआधी प्रत्येक कपडा उलटा करून बघायचा. पळताना आया मुलांच्या कपड्यांवर आतून फोन नंबर लिहून ठेवतात. काहीही दिसलं, तरी आधी माझ्याकडे आणायचं."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, बावीस वर्षं लोकांचे खिसे तपासतेय, मला काय शिकवता!

तो पिवळा फ्रॉक दुसऱ्या दिवशीच्या ढिगात होता. सात-आठ वर्षांच्या पोरीचा असावा. मी तो उलटा केला, नाही असं नाही. कमरेपाशी आतल्या बाजूला निळी शाई दिसली. घामाने पसरलेली, वेडीवाकडी. त्यांची लिपी मला कुठे येते? मला वाटलं, पोरीनेच पेनाने गिरगटलंय. एकदा मनात आलंही, बाईंना दाखवावं. पण त्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला, भोवती ही गर्दी, आणि माझ्यासमोर धुण्याचा डोंगर. शिवाय खरं सांगू? बॉलपेनची जुनी शाई होती. अवघड होती. मला ती काढायचीच होती.

खाली जुना टॉवेल घेतला, वर स्पिरिटचा बोळा. घासायचं नाही, टिपायचं. वीस मिनिटं टिपत बसले. मग साबण, मग गरम पाणी. फ्रॉक वाळला तेव्हा मी तो उजेडात धरून बघितला. एक रेघ राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदवाल्या बाई फ्रॉक हातात घेऊन माझ्या खोलीत आल्या. मागे ज्या पोरीचा फ्रॉक ती पोर, आणि तिला सोबत घेऊन आलेली शेजारची मावशी. पोरीची आई आजारी आजीपाशी मागेच राहिली होती. तिने पोरीला आणि तिच्या तीन वर्षांच्या धाकट्या भावाला मावशीच्या हवाली केलं होतं, आणि बस स्टँडवरच्या चेंगराचेंगरीत भावाचा हात सुटला होता.

"हिच्या आईने परदेशातल्या मामाचा नंबर हिच्या फ्रॉकवर लिहून दिला होता," बाई म्हणाल्या. "आई फोन करणार तो मामाकडेच. दुसरा काही धागा नाही. तुम्हाला काही दिसलं होतं का?"

तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर पडलं, "नाही बाई. मी बघितलं होतं उलटं करून. काहीच नव्हतं. वाटेतच गेलं असेल."

बाईंनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. मावशी एकदम पोरीवर ओरडली. नंतर कळलं, बसमध्ये पोरीच्या हातून अंगावर पाण्याची बाटली सांडली होती. सगळा दोष त्या बाटलीवर गेला. पोर रडली नाही. खाली मान घालून उभी राहिली, आणि तिथून पुढे तिने बोलणंच टाकलं. बाई काय काय विचारायच्या, ती ओठ घट्ट मिटून बसायची.

मी बोलले असते तर? पण बोलले नाही. आज बोलू, उद्या बोलू, असं करत चार दिवस गेले. या दिवसांत मी एवढे कपडे धुतले की हाताची सालटी निघाली. घरी ताट तसंच सारून उठायची. नवऱ्याने विचारलं, "बरं नाही का?" त्याच्यावरच खेकसले. सगळीकडे माझं कौतुक चाललं होतं, की बाई किती राबतायत! लाज वाटत होती हो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी ती पोर एकटीच माझ्या खोलीत आली. हातात तोच फ्रॉक. तिने तो माझ्यासमोर उलटा केला, कमरेपाशी बोट ठेवलं, आणि त्या बोटाने हवेत लिहून दाखवलं. मग माझ्या दोन्ही हातांना हात लावला. ही बाई कपड्यांचं काहीही करू शकते, असं तिने हॉलमध्ये ऐकलं असणार. गेलेलं परत आणून दे, म्हणत होती ती मला.

मी तिला बखोटीला धरून तशीच नोंदवाल्या बाईंपुढे नेली. "मी काढला नंबर," म्हटलं. "दिसला होता मला. मी पुसला आणि खोटं बोलले. हिला सांगा, तिच्या बाटलीने काही झालं नाही."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "चार दिवस?" एवढंच म्हणाल्या. मग पोरीपुढे बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं.

ती चिडेल, मला मारेल, असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तिच्या तोंडातून शब्दांचा लोंढाच सुटला. बाईंचा चेहरा बदलला.

"भावाच्या बनियनवरही आईने तोच नंबर लिहिलाय," त्या म्हणाल्या. "ओरडा बसेल म्हणून इतके दिवस घाबरून बोलली नाही. म्हणतेय, त्याचं बनियन कुणाला धुऊ देऊ नका."

आम्ही दोघी फोनला चिकटलो. मदतीची जेवढी ठिकाणं होती, तेवढ्यांना फोन लावले. प्रत्येक ठिकाणी मी ओरडत होते, "तीन वर्षांचं पोर, एकटं! बनियन धुऊ नका!" सहाव्या ठिकाणी म्हणाले, "थांबा, आमच्या धुण्याच्या बाईंना देतो."

"आहे की असं पोर," ती बाई म्हणाली. माझ्यासारखाच खणखणीत आवाज. "नाव-गाव काही सांगत नाही, नुसतं बघतं. बनियनवर होतं हो निळं काहीतरी. काल काढलं मी. काय चिवट शाई होती! पण एक ठिपका ठेवला नाही."

मी फोन नोंदवाल्या बाईंच्या हातात दिला.

इकडे हॉलमध्ये बातमी पसरली होती, भाऊ सापडला! माणसं टाळ्या वाजवत होती. मावशीने पोरीला उचलून घेतलं, मग माझे हात धरले, डोळ्यांना लावले. पोर खाली उतरली ती थेट माझ्याकडे आली. माझा हात धरून तिने बाईंना काहीतरी विचारलं.

"मामाचा नंबर मिळाला का विचारतेय," बाई म्हणाल्या.

"सांगा तिला," मी म्हटलं. "काल धुतला. आणि मी पहिल्याच दिवशी खरं बोलले असते तर तो नंबर वाचला असता, हेही सांगा."

बाईंनी पहिलं सांगितलं. दुसरं सांगायला त्या तयार होईनात. "आज नको," म्हणाल्या, "आज भाऊ मिळालाय तिला."

मला त्यांची भाषा येत नाही. पोरीने माझा हात सोडला नव्हता.