हेझलनट फोडलं, सुपारी राहिली

जयसिंगरावांच्या तोंडात हेझलनट हा शब्द कुठून शिरला कोण जाणे, पण शिरला तो बूड टेकून बसला. तळेगाव ढमढेऱ्याचे हे गृहस्थ कालपरवापर्यंत कांद्याच्या भावाशिवाय दुसरं बोलत नव्हते. मुलानं, सत्यजीतनं, शिक्रापूरच्या चौकात कॅफे टाकला आणि बापाची जीभच पालटली. कॉफी हेझलनट, केक हेझलनट, आइस्क्रीम हेझलनट. कॅफेच्या भिंतींचा रंगसुद्धा हेझलनट. आमच्या न्हावऱ्यात त्याला गुळाचा रंग म्हणतात.

"हेझलनट म्हंजी काय वो असतं?" मी पहिल्याच भेटीत विचारलं.

"फ्लेवर असतो ताई. फॉरेनचा."

झाडाला लागतं की कारखान्यात होतं, हे काही त्यांना सांगता येईना. माझ्या भाचीनं, प्रांजलनं, मोबाइलवर बघून सांगितलं की ते टणक कवचाचं फळ असतं आणि मराठीत त्याला पहाडी बदाम म्हणतात. मी हा शब्द उभ्या जन्मात कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. जयसिंगरावांनी तर तो झटकूनच टाकला. "पहाडी म्हणलं की गिऱ्हाईक चहाच मागतंय," म्हणाले. तेवढं एक मात्र खरं बोलले.

प्रांजल माझ्या भावाची, इंद्रजीतदादाची, एकुलती एक लेक. रांजणगावला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागलीय. सत्यजीतचं स्थळ आलं तेव्हा तिनं एकच अट घातली, लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. "न्हाई कोण म्हणतंय?" जयसिंगराव हसून म्हणाले. एवढ्यावर दादा विरघळला. पोरीला मात्र ते हसणं आवडलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

आमच्याकडे सुपारी फुटली की लग्न ठरलं. त्यानंतर मागं फिरणं म्हणजे भावकीत तोंड दाखवायला जागा नाही, आणि दादाला तर शब्दापुढं जीवसुद्धा स्वस्त. "सुपारी फुटंस्तवर काय बोलायचं ते बोल. मग तोंड उघडायचं न्हाई," त्यानं लेकीला बजावलं होतं.

ठरल्या दिवशी पाहुणे आले. पाटावर ताट मांडलं होतं, त्यात सुपाऱ्या, हळकुंडं, खारका, विड्याची पानं. सुपारी फोडायचा मान आमच्या चुलत्यांचा, कोंडिबाआबांचा. त्यांनी अडकित्ता उचलला, तोच जयसिंगरावांनी मखमली डबी उघडून पुढं केली. आत गोल, तपकिरी, गुळगुळीत फळं. त्यांचं ते हेझलनट मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनीही फार आधी पाहिलं असेल असं वाटत नाही.

"आबा, सुपारी ऱ्हाऊ द्या. सुपारी काय, कुणीबी फोडतंय. आज ह्ये फोडा. व्हिडिओला भारी दिसंल."

"सुपारीचं काम सुपारीनंच करावं, पाव्हणं," आबा म्हणाले.

"जमाना बदलला, आबा!"

"फोडा आबा, पाव्हण्यांची हौस हाय," दादा म्हणाला. माझा सख्खा भाऊ, पण अशा वेळी त्याची अक्कल नेमकी कुठं चरायला जाते देव जाणे.

आबांनी फळ अडकित्त्यात धरलं. ते सटकलं आणि सोफ्याखाली गेलं. जयसिंगराव फेट्यासकट जमिनीवर आडवे होऊन ते शोधायला लागले. शेवटी मी खलबत्त्यातला बत्ता आणून दिला आणि एका दणक्यात काम झालं. सत्यजीत म्हणाला की व्हिडिओत नीट आलं नाही, म्हणून आणखी एक फोडलं. मग टाळ्या झाल्या, "ठरलं! ठरलं!" झालं आणि पेढे फिरले.

पेढा तोंडात होता तोवरच जयसिंगराव म्हणाले, "आता सूनबाई, राजीनामा देऊन टाका. काउंटरला घरचंच माणूस पायजे."

"पर नोकरीचं तर आपलं बोलणं झालं व्हतं," दादा म्हणाला.

"तवा झालं व्हतं. आता फुटलं की! आता सून आमची."

आणि दादा? खाली मान घालून पायाच्या बोटांकडं बघत बसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फेटा बांधून लबाडी करायला आलेला हा माणूस आणि त्याच्यापुढं शब्द शब्द करत पोरगी हातची घालवणारा माझा भाऊ, दोघांचाही मला सारखाच संताप आला. मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनीनं माझा पदर ओढला.

प्रांजल उठली. पाटावरून एक सुपारी उचलली आणि आबांच्या हातावर ठेवली.

"आबा, ही फुटली का?"

आबांनी सुपारी फिरवून पाहिली. "न्हाई."

"ताटातली दुसरी कुठली फुटली?"

"एकबी न्हाई."

"मग काय ठरलं?"

आबांनी अडकित्ता मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "काय बी न्हाई ठरलं, पोरी."

"आवं, समद्यांच्या देखत फोडलं की! व्हिडिओ हाय आमच्याकडं!" जयसिंगराव ओरडले.

"मग व्हिडिओत बघा ना काय फुटलंय," प्रांजल म्हणाली. "सुपारी राहू द्या, असं तुम्हीच म्हणालात. ती राहिली."

सगळे दादाकडं बघायला लागले. त्यानं आबांच्या हातातली सुपारी घेतली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि म्हणाला, "पाव्हणं, च्या घेऊन जावा."

चहा कुणी घेतला नाही. जयसिंगराव जाताना डबी तेवढी आठवणीनं घेऊन गेले. फोडलेलं मात्र पाटावरच राहिलं होतं. आबांनी त्यातला गर उचलून तोंडात टाकला आणि उरलेल्या दातांनी चावत बसले.

"शेंगदाणाच की गं ह्यो," ते मला म्हणाले. "आन् ह्येच्या जिवावर आपली पोर न्यायला आलं व्हतं?"

दुसऱ्या दिवशी प्रांजल डबा घेऊन कंपनीच्या बसला निघाली. तिला सोडायला दादा कधी फाट्यापर्यंत गेला नव्हता. त्या दिवशी गेला आणि बस दिसेनाशी होईपर्यंत खिशातली सुपारी मुठीत धरून उभा राहिला.