केळीवरची कविता

“अहो, बुंध्याशी फुटलेली पिलं नाही कापली तर घड भरणार कसा? यात रडण्यासारखं काय आहे?” लीलाधर नानांनी टेबलावर थाप मारली. नानांची सगळी हयात केळीच्या बागेत गेलेली. केळीचं नाव निघालं की कविता बिचारी बाजूलाच राहायची.

रावेरच्या वाचनालयात महिन्यातल्या एका रविवारी कवीचं नाव झाकून कविता वाचत. आधी मनसोक्त भांडायचं. भांडून दमलं की नाना विचारणार, “कोणाची?” मग कवीनं उभं राहायचं. आजची कविता एवढीशीच होती:

घड भरावा म्हणून
पायाशी आलेलं कोवळं पील कापलं.
विळा कोणाचा, विचारू नका.
‘कापा,’ मीच म्हणाले होते.

“केळीचं काय घेऊन बसलात, नाना?” कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या नाजमीन मॅडम म्हणाल्या. “बाईनं गर्भ पाडलाय. निर्णय तिचा होता, आणि दुःखही तिचंच आहे.”

“मुलगी असेल, म्हणून पाडला असेल,” कौतिक सर फणकारले. “असल्या बाईची कविता वाचायचीच कशाला?”

“तुम्हाला काय ठाऊक हो?” बेबाबाई धुळ्याकडच्या. चिडल्या की सरळ अहिराणीवर येत. “बाई रडी ऱ्हायनी शे, आन् तुम्ही तिना न्याय करी ऱ्हायनात!”

मागच्या रांगेत प्रेमराज घामाघूम झाला होता. तो केळीच्या पॅकिंग शेडवर सुपरवायझर. शेजारी त्याची बायको, दिपमाला. कविता तिनं दिल्याचं त्याला माहीत नव्हतं, पण शेवटची ओळ ऐकली आणि ती कोणाची, ते त्याला उमगलं.

त्यांचा मुलगा समाधान अजून रांगत होता तेव्हा तिला पुन्हा दिवस गेले. शेडवरची नोकरी नवी होती. “आत्ता नको गं, जरा बस्तान बसू दे,” तो रोज म्हणायचा. रोज! शेवटी ती म्हणाली, “बरं, करून टाका.” तेवढं ‘बरं’ त्यानं इतकी वर्षं घट्ट धरून ठेवलं होतं. तिचीच तर मर्जी होती, असं स्वतःला बजावायला. जळगावच्या दवाखान्यात तिला बसवून हा पठ्ठ्या ट्रक भरून घ्यायला परत आला, आणि संध्याकाळी ती एकटीच एसटीनं घरी आली. त्यावर घरात पुन्हा चकार शब्द निघाला नाही.

“प्रेमराज, तू रोज केळीत असतोस. तूच सांग बरं,” नाना म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या. दिपमालाही बघत होती. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं पदर सारखा केला, दोन्ही हात खुर्चीवर टेकले. कविता गर्भाचीच आहे, एवढं तो म्हणाला की ती उठणार होती. पण पुढच्या रांगेत शेडचे मालक बसलेले. उद्या शेडवर काय तोंड दाखवायचं?

“केळीवरचीच आहे, नाना,” तो म्हणाला. “साधी शेतीची कविता आहे.”

“बघा! जाणकार बोलला!” नाना खूश झाले. नाजमीन मॅडमनी नकारार्थी मान हलवली.

“मग, कोणाची?”

कोणीच उठलं नाही. दिपमालानं खुर्चीवरचे हात काढून मांडीवर घेतले.

“कवी आलेला दिसत नाही. पुढची घ्या.”

घरी जाताना ती नेहमीसारखीच मोटरसायकलवर मागे बसली. रेल्वेचं फाटक बंद होतं. त्यानं गाडी बंद केली. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

“दीपा, माझं चुकलं गं. मला वाटलं, सगळ्यांसमोर आता माझं नाव...”

“तुमचं नाव मी घेणारच नव्हते हो,” ती म्हणाली. “मी नुसती उभी राहणार होते.”