मोरीतली पावडर

मी एक जुनी पत्र्याची बारडी आहे. पुस्तकात तुम्ही मला बादली म्हणत असाल, म्हणा बापडे. पण कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात मला बारडीच म्हणतात आणि मला तेच आवडतं. मित्रांनो, माझी कडी कुरकुरते, बूड गंजलंय. जरा मोठ्यानं बोलले तर रागावू नका. आमच्याकडे मायेनं बोलायचं झालं तरी ओरडूनच बोलतात.

गुंडू नावाच्या पत्रेवाल्यानं मला ठोकून ठोकून घडवलं. काय तो मार! पण जस्ताच्या चकचकीत पत्र्यात मी अशी काही नटले होते की बाजारात येणारा-जाणारा वळून बघायचा. शालूबाईंनी मला उचललं, बुडावर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "व्हय, ही टिकंल." एवढं एक वाक्य ऐकून मी फुगून गेले.

त्यांच्या हाताखाली मी खूप काम केलं. गरम पाणी आणि साबण, बस्स, एवढ्यावर सगळं घर लख्ख व्हायचं. नळावर पांढरे डाग पडले की लिंबाची फोड घासायची. पांढरी कापडं धुऊन गच्चीवर कडक उन्हात टाकायची. घट बसायच्या आधी आमच्या गावात दसऱ्याचं धुणं निघतं. घरातली एकूण एक वाकळ, चादर, पडदा धुऊन काढतात. तेव्हा पंचगंगेच्या घाटावर माझा तोरा बघायचा! शेजारणी मला मागून न्यायच्या आणि परत देताना कौतुक करायच्या.

मग प्लॅस्टिकच्या रंगीत बारड्या आल्या. हलक्या आणि दिसायला गोजिरवाण्या. मला मोरीच्या कोपऱ्यात सारलं गेलं. वाईट वाटलं की! बारडीला काय, वाईट वाटत नाही होय?

शालूबाईंच्या मुलाचं, ऋतुराजचं लग्न झालं आणि पूर्णिमा सून म्हणून घरात आली. तिचं माहेर गगनबावड्याचं. तिकडे पाऊस असा धो धो लागतो की भिंतींना, कपड्यांना, चपलांनासुद्धा बुरशी धरते. त्या बुरशीशी भांडत वाढलेली ही पोर. नाकात झोंबणारा वास आला म्हणजेच जागा स्वच्छ झाली, असं तिच्या मनात पक्कं बसलेलं. तिनं येताच ब्लीचिंग पावडरचा डबा आणला. आमच्याकडे तिला टीसीएल म्हणतात.

"ही जुनीच हाय, हिच्यात कालवते," असं म्हणून तिनं पावडर माझ्यात ओतली. आई गं! माझा जस्ताचा मुलामा पांढऱ्या भुग्यासारखा सुटायला लागला. पण मी माझं रडगाणं गाणार नाही, कारण माझ्यापेक्षा वाईट दुसऱ्याच कुणाचं तरी चाललं होतं.

शालूबाईंना जुना दमा होता, पण बेतानं असायचा. आता त्या मोरीत आल्या की खोकायच्या, रात्री बसून राहायच्या. मग एक दिवस म्हणाल्या, "जरा स्नेहलकडं जाऊन येते." स्नेहल म्हणजे त्यांची लेक, मुरगूडला दिलेली. तिथं गेल्या की खोकला कमी व्हायचा. परत आल्या की पुन्हा सुरू. मग पुन्हा पिशवी भरायची, पुन्हा मुरगूड. हळूहळू त्यांचं घरी राहणंच कमी झालं.

पूर्णिमाच्या मनानं भलतंच घेतलं. माझ्याशेजारी बसून ती लादी घासायची आणि डोळे पुसायची. "आत्तींना माझं काम पसंत न्हाय," असं पुटपुटायची. सासूला ती आत्ती म्हणते. घर आणखी स्वच्छ ठेवलं तर आत्ती राहतील, असं वाटून बिचारी आणखी पावडर टाकायची. मला सगळं कळत होतं, पण बारडीला कोण विचारतं?

त्यात एकदा मुरगूडहून फोन आला. बोलणं झाल्यावर पूर्णिमा मोरीत आली ती खुशीतच. ऋतुराजला म्हणाली, "आत्तींनी स्वतः सांगितलंय, मोरीत पावडर सोडा म्हणून!" त्या दिवसापासून रोज दोन-दोन मुठी पावडर सुटायला लागली.

दसऱ्याच्या धुण्यासाठी शालूबाई येणार होत्या. या वेळी त्यांना जाऊ द्यायचंच नाही, असा पूर्णिमानं चंग बांधला. त्या सकाळी तिनं माझ्यात टीसीएल कालवलं आणि मोरी अजून उजळावी म्हणून संडास धुवायचं अ‍ॅसिडही वरून ओतलं. मित्रांनो, हे असं कधीही करू नका. माझ्यातून असा विषारी धूर उठला की पूर्णिमाला डोळे उघडता येईनात. ती भिंतीला टेकून खोकत खाली बसली. दार कुठं आहे, तेही तिला सुधरेना.

नेमक्या तेव्हाच शालूबाई उंबऱ्यात आल्या. वास येताच हातातली पिशवी टाकली, पदर नाकाला लावला आणि दमेकरी बाई सरळ त्या धुरात शिरली! "पोरी! चल भाईर!" म्हणत त्यांनी सुनेला दंडाला धरून फरफटत कट्ट्यावर आणलं. तिच्या मुठीत माझी कडी तशीच आवळलेली होती, म्हणून मीही बाहेर आले. शालूबाईंनी मला लाथेनं पार गटारापर्यंत लोटलं. त्या लाथेचं मला जराही वाईट वाटलं नाही.

मग शालूबाईंचा श्वास अडकला. ओठ निळसर पडले. पूर्णिमानं त्यांच्या पिशवीतला दम्याचा पंप काढून त्यांच्या तोंडाशी धरला. ती रडत होती, "आत्ती, श्वास घ्या! माझ्यासाठी घ्या!" थोड्या वेळानं त्यांना जरा बरं वाटलं. पहिलं काय केलं असेल? सुनेला झापलं.

"फोनवर सांगितलं हुतं न्हवं, मोरीतली पावडर सोडा म्हणून!"

"म्हणून तर सोडली की! तुमीच म्हणालासा, मोरीत पावडर सोडा."

"मोरीत न्हवं गं बाय, मोरीतली! सोडा म्हंजे बंद करा! त्या वासानं माझा जीव गुदमरतोय, म्हणून तर मी मुरगूडला पळते."

पूर्णिमा डोळे पुसत म्हणाली, "मला वाटलं, माझ्यावर राग हाय."

"राग? तू एवढी राबतीस. तुझ्या कामाचा वास सोसत न्हाय, हे कुठल्या तोंडानं सांगू?" असं म्हणून शालूबाईंनी तिला जवळ ओढलं. दोघी खोकतही होत्या आणि रडतही होत्या. आणि मी गटाराकडेला उलटी पडून मनातल्या मनात म्हणत होते, अगं बायांनो, हे सहा महिन्यांपूर्वी बोलला असतात तर!

ऋतुराजनं दोघींना डॉक्टरांकडे नेलं. पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की जिवावर बेततं, आणि दमेकऱ्याला नुसत्या पावडरीचा वासही बाधतो, असं डॉक्टरांनी बजावलं. रोजच्या घाणीला साबण आणि गरम पाणी पुरतं, हेही सांगितलं. पावडरीचा डबा घराबाहेर गेला. आता लादीवर खायचा सोडा चोळतात, मग धुऊन टाकतात. नळाच्या डागांना लिंबू किंवा व्हिनेगर. खिडकी सताड उघडी. दुकानात पूर्णिमा "सोडा द्या" म्हणाली, तेव्हा शालूबाईंना हसू आवरेना. "ह्यो सोडा धरायचा, बरं का, सोडायचा न्हवं!"

घट बसले त्या दिवशी स्नेहलचा फोन आला. आई पुन्हा कधी येणार, असं ती विचारत होती. शालूबाई वाकळीची घडी घालत म्हणाल्या, "आता तूच ये. मला माझ्या घरात झोप लागाय लागलीया."

मित्रांनो, माझं बूड आता गळतं, माझी काळजी घ्या असं म्हणायला माझ्यात फारसं उरलेलं नाही. म्हणून दुसरंच मागते. तुमच्या घरची लादी किती चमकते, ते नंतर बघा. आधी घरात कोण खोकतंय, तेवढं ऐका.